मामांचा सल्ला आणि कल्याणची जागा

रविवारी सकाळी आमच्या मामांच्या ओटीवर इतकी माणसे बसलेली असत की नव्या माणसाला वाटावे, या घरात लग्न तरी निघाले आहे नाहीतर कोणी गेले तरी आहे. दोन्ही नसे. ते सगळे उमेदवार असत.

उमेदवार म्हणजे काय, हे आताच्या मुलांना समजावून सांगावे लागते. त्या काळी सरकारी कचेरीत चाकरी हवी असेल तर आधी तिथे बिनपगारी राबायचे. रोज वेळेवर जायचे, कारकुनांच्या जाजमाच्या कडेला बसायचे, ते पुढे टाकतील त्या कागदांच्या नकला करून द्यायच्या, आणि कोणी मेला, पेन्शनीत गेला किंवा लाच खाताना सापडला की त्याच्या जागी आपली वर्णी लागेल म्हणून वाट पाहायची. कोणी वर्षभर वाट पाही, कोणी चार-पाच वर्षे. आमच्या माहितीतले एक गृहस्थ उमेदवारी करता करता आजोबा झाले. नातवाच्या बारशालाही ते कचेरी सुटल्यावरच आले, कारण गैरहजर राहिलो तर नंबर जाईल अशी त्यांना धास्ती होती. कसला नंबर, कोणी दिलेला, ते त्यांनाही ठाऊक नसावे.

मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत ते हेड कारकून होते, आणि जिल्ह्यातल्या लहानसहान नेमणुकांचे कागद त्यांच्याच हातून साहेबापुढे जात. सही साहेबाची, पण ती कोणाच्या नावावर पडायची ते बहुतेक वेळा मामांच्या टिपणावरून ठरे. त्यामुळे गावात मामांना मान फार. रस्त्याने चालले की लोक वहाणा काढून उभे राहत, आणि मामा पुढे गेले की नाक मुरडत.

मामांच्या घरामागे परसात दोन खोल्या होत्या. त्यांत आम्ही दोघे राहत होतो, मी आणि आमचे हे.

हे आधी मुंबईत एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर इंग्रजी पत्रे लिहीत. अमेरिकेतली लढाई चालू होती आणि तिकडचा कापूस विलायतेला जात नव्हता, तोवर मुंबईत कापसाचे सोने होत होते. लढाई संपली आणि बाजार असा बसला की सकाळी गाडीतून फिरणारे शेठ संध्याकाळी तोंड लपवू लागले. यांच्या पेढीला कुलूप लागले. अशी कुलपे गल्लोगल्ली लागली होती. मग मुंबईला गेलेले सगळे शिकलेले तरुण आपापल्या गावी परतले. ठाणे, कल्याण, पनवेल, जिथे पाहावे तिथे कोट घातलेली, थोडे इंग्रजी येणारी आणि काही काम नसलेली माणसे दिसू लागली. सगळ्यांनी सरकारी कचेऱ्यांची वाट धरली. आणि नेमका त्याच वेळी वरून हुकूम आला की खर्च कमी करा, नवी जागा काढू नका. कचेरीच्या जाजमाची कड पुरेना. उमेदवार व्हरांड्यात येऊन बसले.

आमचे हे त्यांतलेच एक. हुशार, सरळ, आणि मुलखाचे भिडस्त. दुसऱ्याचे काम अडलेले पाहवत नसे त्यांना. आम्ही संसार करून आता इतकी वर्षे झाली, पण माझा या एका गोष्टीवरचा राग अजून गेलेला नाही.

माझे सासर कल्याणचे, पारनाक्याजवळ. सासरे भिक्षुकी करीत. घर मोठे, माणसे पुष्कळ. मुलाने इंग्रजी शिकून काय केले, असे ते उघड म्हणत. त्यांनी मुदत घातली होती, दिवाळीपर्यंत पगारी चाकरी लागली तर ठीक, नाहीतर बिऱ्हाड मोडून कल्याणला यायचे आणि यजमानांची घरे सांभाळायची. यांना मंत्र येत होते, पण दुसऱ्याच्या दारी दक्षिणेसाठी उभे राहायच्या कल्पनेने त्यांच्या अंगावर काटा येई. हे झाले यांचे. माझे वेगळेच होते, आणि ते मी कोणालाही सांगितलेले नव्हते.

ठाण्याच्या त्या दोन खोल्यांत मी वाचायला शिकत होते. हे कचेरीतून आले, फराळ झाला, की दिवेलागणीच्या आधी तासभर आम्ही पाटी घेऊन बसत असू. सुरुवातीला मला फार लाज वाटे. मी खिडकी लावून घेई. पण अक्षरे जुळू लागली तशी लाज गेली. मला आठवते, मामांच्या दारावर कोणीतरी कोळशाने काहीतरी लिहून ठेवले होते. मी परसातून पाणी घेऊन येताना थांबले आणि ते माझे मला वाचता आले. मामांना दिलेली शिवी होती ती. पण मला इतका आनंद झाला की मी कळशी तशीच खाली ठेवली आणि हसत उभी राहिले.

कल्याणच्या घरी हे चालण्यासारखे नव्हते. बाईने अक्षर गिरवले की नवऱ्याचे आयुष्य कमी होते, अशी सासूबाईंची पक्की समजूत होती. त्या दुष्ट नव्हत्या. मला ताप आला की त्या रात्रभर उशाशी बसत. पण मुलाच्या जिवाचा प्रश्न आला की त्या कोणाचे ऐकणाऱ्या नव्हत्या, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही ऐकले नसते. तेव्हा दिवाळीपर्यंत यांना ठाण्यात चाकरी लागली तर माझी पाटी राहणार होती. नाही लागली तर जाणार होती. माझ्यापुरता हिशेब इतका सोपा होता.

म्हणून रविवारी मामांच्या ओटीवरचे बोलणे मी माजघराच्या दाराआड भाजी निवडत अगदी मन लावून ऐके. मामांचा स्वभाव तिरसट, पण आलेल्या माणसाला ते हात हलवीत परत पाठवीत नसत. जागा देता येत नसे, म्हणून सल्ला देत. तो मात्र भरपूर देत.

एकदा एकाने आपला अर्ज वाचून दाखवला. त्यात म्हातारी आई होती, विधवा बहीण होती, चार मुले होती आणि शेवटी साहेबाच्या पायांची धूळ होती. मामांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आई सगळ्यांनाच असते हो. साहेबापुढे दिवसाला असले दहा अर्ज जातात. दहा आया, दहा बहिणी. त्याला वाटतं, हा देश सगळा रडतोच आहे. तुम्हाला काम काय येतं ते कुठे लिहिलंय?"

त्या बिचाऱ्याने ते लिहिलेच नव्हते.

दुसऱ्याने उलट चूक केली होती. मोडी, बाळबोध, इंग्रजी, गणित, मोजणी, थोडी फारसी, सगळे येते म्हणून लिहिले होते. मामा म्हणाले, "यातलं एक ठेवा. जे तुम्हाला झोपेत उठवून विचारलं तरी येईल ते. सगळं येतं म्हणणाऱ्याला साहेब काहीच विचारत नाही." त्या माणसाने बराच विचार केला आणि मोडी ठेवली. बाकीचे काढताना त्याचा चेहरा पडला होता. मला वाटले, आपल्याला एकच गोष्ट येते, हे कागदावर उतरवायला माणसाला किती जड जाते.

आणि मिठाचे तर ते प्रत्येकालाच सांगत. "बाजार बसला म्हणून लोक मीठ खायचे थांबलेत का? खाडीपलीकडे कळव्याला मिठागरं आहेत, त्यांवर सरकारच्या कराची चौकी आहे, चौकीवर लिहिणारा माणूस लागतो. सरकार सगळीकडे हात आखडील, मिठावर आखडणार नाही. तिथे जा. पण तुम्हाला कचेरीची सावली हवी." उमेदवार माना डोलवीत आणि कोणी जात नसे. मिठागरावर राहायचे म्हणजे खारे वारे, डास, कुडाचे घर आणि मिठागरात राबणाऱ्या आगऱ्यांचा शेजार. घरच्या बायका काय म्हणतील, असे ते एकमेकांत कुजबुजत. घरच्या बायकांना कोणी विचारल्याचे मी तरी ऐकले नाही.

यांना मात्र मामा ओटीवर कधीच सल्ला देत नसत. जावई पडले ना. शिवाय आपल्याच भाचीच्या नवऱ्याला पुढे ढकलले असा बोल येईल, याची त्यांना फार भीती. मग दसऱ्याच्या थोडे आधी एका रविवारी सगळी माणसे गेल्यावर त्यांनी मला हाक मारली.

"पोरी, तुझा नवरा नोकरीला लागायचा नाही."

माझ्या हातातले सूप खाली आले. मी म्हटले, "का मामा? त्यांच्यासारखं काम कोण करतं तिथे?"

"तेच तर सांगतोय. त्याच्यासारखं काम कोणी करत नाही. सगळ्या कारकुनांची कामं तोच उपसतो. दप्तरातले रुमाल सगळे त्याने नव्याने लावलेत. कुठल्या गावचा कागद कुठल्या रुमालात आहे ते आता त्यालाच विचारतात, बाकीच्यांची शोधायची सवयच गेली. आणि हे सगळं फुकट. मग त्याला पगार कोण कशाला देईल? साहेबाला तर तो आहे हेही माहीत नाही. काम वेळेवर होतं, साहेबाला वाटतं कारकुनांनी केलं."

रुमाल म्हणजे ज्या कापडात कचेरीतले कागद बांधून ठेवतात ते. यांना त्या रुमालांचे भारी प्रेम. घरी आल्यावरही त्याच गोष्टी.

"मग त्यांनी काय करायचं?" मी विचारले.

"घरी बसायचं. आठ-दहा दिवस. काही सांगायचं नाही, काही कळवायचं नाही. कचेरीला कळू दे तो नसला म्हणजे काय होतं. पण मी त्याला हे सांगू शकत नाही. मी कचेरीचा माणूस. तू सांग."

मी सांगितले. हे चिडले नाहीत, त्यांना चिडणे येतच नसे. पण म्हणाले, "असं कसं? माजिवड्याच्या खाडीकाठच्या खाजण जमिनीच्या तंट्याचे कागद साहेबाला फिरतीवर जाण्याआधी हवेत. मी नसलो तर ते सापडायचे नाहीत."

"म्हणूनच तर नाही जायचं."

"आजारी आहे म्हणून खोटं सांगू?"

"काहीच सांगू नका."

"ते तर त्याहून खोटं," असे म्हणून ते दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर कचेरीत गेले. मी दिवसभर कपाळाला हात लावून बसले. माणूस इतका चांगला असावा की त्याने स्वतःचेच नुकसान करावे, आणि त्याच्या बायकोने त्याला पूजावे की बदडावे, मला कळेना.

मग डोंबिवलीहून निरोप आला. आमचे एक भाऊबंद तिथे राहत, नव्वदीचे म्हातारे. हे त्यांना लहानपणी एकदा भेटले होते. मी तर पाहिलेही नव्हते. ते गेले. पण भाऊबंदकीतले असल्यामुळे आम्हाला दहा दिवसांचे सुतक आले. सुतकात कचेरीत जाऊन दप्तराला आणि माणसांना शिवायचे कसे? तिथे तर सगळे सोवळेओवळे कडक पाळणारे. हे घरी बसले. मेलेल्या माणसाविषयी असे बोलू नये, पण मला त्या म्हाताऱ्यांना लांबूनच नमस्कार करावासा वाटला.

पहिले दोन दिवस हे खोलीत येरझाऱ्या घालीत होते. कळव्याहून भाजी घेऊन येणारी एक आगरीण होती. ती खिडकीतून डोकावून मला म्हणाली, "बाय, तुजा दादला घरान कनाला बसलाय? सरकार बुडलं काय?" मी म्हटले, सुतक आहे. ती म्हणाली, "मंग बरा हाय. निजू दे त्याला." सल्ला म्हणून पाहिले तर तो मामांचाच होता, पण तिने फार थोडक्यात दिला.

तीन-चार दिवसांनी कचेरीचा शिपाई आला. परसाच्या दारातच उभा राहिला आणि ओरडला, "रावसाहेब, माजिवड्याचे कागद कुठल्या रुमालात आहेत? सगळे शोधताहेत. साहेब खवळलेत."

हे जागचे उठले. तोंडाने सांगायला सुतकाची काही आडकाठी नव्हती. त्यांचे ओठ हललेही. मला त्या क्षणी पाटी दिसली, कल्याणचे माजघर दिसले, आणि काय करते आहे ते मला कळायच्या आधी मी दाराशी जाऊन उभी राहिले.

"सुतकात कचेरीचं बोलणं आमच्या घराण्यात चालत नाही," मी म्हटले. "बाराव्यानंतर या."

शिपाई गोंधळला. असा नियम त्याने कुठे ऐकलेला नव्हता, कारण तो मी तेव्हाच केला होता. पण भिक्षुकाच्या सुनेने सांगितलेला नियम खोटा कसा म्हणायचा? तो हात जोडून निघून गेला. मागे वळून पाहिले तर हे माझ्याकडे डोळे विस्फारून पाहत होते. मग ते एकाएकी हसू लागले. सुतक असल्यामुळे मोठ्याने हसण्याची चोरी, म्हणून पंच्याचे टोक तोंडात धरून हसत होते. त्या दुपारी आम्ही पाटी आणि पुस्तक काढले आणि मी पहिल्यांदा एक सबंध पान न अडखळता वाचले. सुतकात शिकणे चालते की नाही, हा नियम मी शोधायला गेले नाही.

पुढचे मला मामांकडून कळले. कागद काही मिळेनात. साहेबाने हेड कारकुनाला, म्हणजे मामांनाच, बोलावून विचारले की हे रुमाल लावले कोणी. मामा म्हणाले, एका उमेदवाराने. तो कुठे आहे? घरी आहे, सुतकात. पगार किती? काहीच नाही. साहेब म्हणाला, पगार नाही तर त्याला बोलवायचे कोणत्या तोंडाने? रिकामी जागा कुठे आहे? नवी तर काढता येत नव्हतीच. जिल्ह्यात रिकाम्या दोन निघाल्या. एक कळव्याच्या मिठाच्या चौकीवर आणि एक कल्याणच्या मामलेदार कचेरीत. पगार दोन्हींचा सारखाच.

साहेबाने मामांना विचारले, कुठे देऊ?

मामा म्हणाले, कल्याण.

सुतक फिटले त्याच दिवशी संध्याकाळी मामा स्वतः परसात आले. त्यांच्या मागे मामी पेढे घेऊन. हे मामांच्या पाया पडले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मामा त्यांना उठवीत म्हणाले, "आता कोणाचं फुकट करू नका, म्हणजे झालं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय पोरी? आता सासू-सासऱ्यांच्या छायेत. बिऱ्हाडाची दगदग नाही. कल्याण मीच सांगितलं साहेबाला."

मी पेढा हातात घेऊन तशीच उभी होते. सगळे हसत होते. मी म्हटले, "मामा, कळवा का नाही?"

मामांना वाटले मी थट्टा करते आहे. "मिठागरावर राहशील तू? त्या डासांत? तुझ्या आईला काय तोंड दाखवू मी?"

"रविवारी सगळ्यांना तिकडेच जायला सांगता की."

"ते लोकांना, पोरी. घरच्या माणसाला कोणी सांगतं का?"

"मी राहिले असते," मी म्हटले. "कुडाच्या घरात राहिले असते. मामा, मी वाचायला शिकते आहे. कल्याणला ते बंद होईल."

मामी आ वासून माझ्याकडे पाहू लागल्या. मामा खालच्या पायरीवर बसले. यांनी मान खाली घातली. मग मामा म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं."

"कोणी विचारलंच नाही."

"सही झाली आहे गं," मामा म्हणाले. त्यांचा तो तिरसट आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "आता बदल म्हटला तर साहेब दोन्ही जागा दुसऱ्याला देईल. ओटीवर बसलेले आहेतच."

ते खरे होते. व्हरांडाभर माणसे एका जागेसाठी डोळे लावून बसलेली असताना मिळालेली जागा आम्हाला नको म्हणून कोण सांगणार? यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी नको म्हटले असते तर ते गेले नसते, इतके मला ठाऊक होते. आणि ते मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच मी काही बोलले नाही. पेढा खाल्ला. गोड होता.

दिवाळीच्या आत आम्ही कल्याणला गेलो. सासरे तीनदा सगळ्या आळीला सांगून आले की मुलगा मामलेदार कचेरीत लागला. पाटी मी बरोबर नेली होती. सासूबाईंना ती दिसली आणि त्यांनी मला काहीही न बोलता ती धुण्याच्या दगडाशेजारी ठेवली. तिथे ती कोणाच्या तरी पायाखाली येऊन फुटली. मी दुसरी मागितली नाही. मुले झाली, सणवार, सोवळे, आल्यागेल्याचे. सुरुवातीला काही दिवस मी मनातल्या मनात शब्द जुळवून पाही. मग तेही राहिले.

मामांवर मी पुष्कळ वर्षे राग धरला. त्यांच्या घरी कार्याला गेले की दोन शब्द बोलून बाजूला होई. ते म्हातारे झाले, पेन्शनीत गेले, ओटी रिकामी पडली. आता विचार करते तेव्हा वाटते, त्यांनी दिलेला एकही सल्ला चुकीचा नव्हता. अर्जात रडू नका, एकच गुण सांगा, जिथे लोक जात नाहीत तिथे जा, फुकट राबून स्वतःची किंमत घालवू नका. आजही कोणी नोकरीसाठी वणवण करीत असेल तर मी हेच सांगेन. त्या मंदीत त्यांच्यामुळे आमच्या घरी चूल पेटती राहिली, आणि पुढे दुष्काळात भल्या भल्यांची उपासमार झाली तेव्हाही आमच्या ताटात भात होता. हे उपकार मी विसरले नाही. फक्त, नोकरी कशी मिळवायची हे ज्याला इतके कळत होते, त्याला ती मिळाल्यावर कोणाचे काय जाईल हा प्रश्न कधी पडला नाही. त्यांना एकट्यालाच कशाला बोल लावू, तेव्हा तो कोणालाच पडत नसे.

कल्याणात मुलींची शाळा निघाली तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या. माझी धाकटी तिथे जाऊ लागली. एक दिवस ती ओसरीवर धडा म्हणत बसली होती. मी तांदूळ निवडता निवडता तिच्या पुस्तकावर नजर टाकली. अक्षरे ओळखीची वाटली, पण जुळेनात. काही केल्या जुळेनात. मी तिला म्हटले, हे पहिले कोणते गं? ती उत्साहाने माझ्याजवळ सरकली, माझे बोट धरून अक्षरावर ठेवले आणि मास्तरिणीसारखी म्हणू लागली. मग मध्येच थांबून तिने विचारले, "आई, तू लहानपणी काहीच शिकली नव्हतीस?"

मी नाही म्हणणार होते. तोंडात आलेही होते.

हे कोपऱ्यात सुपारी कातरीत बसले होते. अडकित्ता थांबला. मान वर न करता ते म्हणाले, "शिकली होती. मीच शिकवलं होतं. चांगलं वाचायची. मला नोकरी लागली आणि ते गेलं."

इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा बोलून दाखवले. मी मुलीच्या पुस्तकावर डोके ठेवले आणि तिच्यासमोर रडले, आणि ती बिचारी आपले काय चुकले म्हणून घाबरून माझ्या पाठीवरून हात फिरवीत राहिली.